मिशन ट्रिपला जाऊन आले, साक्षही दिली. पण प्रेम काही वाटलं नाही

खिडकीजवळची_सीट (४ फेब्रुवारी, रात्री १०.५०)

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्रच असते. पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात नोकरी करते. घर मराठी ख्रिस्ती, माझी चौथी पिढी. गेल्या महिन्याच्या शेवटी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाची आठ दिवसांची मिशन ट्रिप होती, मिरजेजवळच्या एका कुष्ठरुग्ण वसाहतीत. ३० जानेवारीचा कुष्ठरोग निवारण दिन तिथेच करायचा, अशी आखणी. अकरा जण गेलो. आधीचे तीन शनिवार तयारीत गेले. चार गाणी, चांगल्या शोमरोन्यावरचं (बायबलातला, वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणारा) नाटुकलं, दोन मिनिटांत साक्ष कशी द्यायची (प्रभूने आपल्यात काय केलं ते सगळ्यांपुढे सांगणं), सगळं बसवलं. 'प्रेमाचा स्पर्श' असा बॅनर छापला. वाटायला साठ स्टीलचे पेले घेतले.

पहिल्याच सकाळी एका आजींनी माझ्यापुढे हात केला. बोटं नव्हती, नुसती पेरं उरलेली. मी पटकन दोन पावलं मागे सरून दोन्ही हात जोडले. सोबतच्यांना वाटलं, काय संस्कारी मुलगी! मला ठाऊक होतं की मी हात जोडले ते धरायला लागू नये म्हणून.

पुढे आणखी वाईट. मंगळवारी त्याच आजींनी चहा पुढे केला. तोंडातून निघून गेलं, "आजी, माझा उपास आहे." त्या म्हणाल्या, "ख्रिस्ती माणसाचा मंगळवारी कसला गं उपास?" आणि कप स्वतःच प्यायल्या. हसल्या वगैरे नाहीत.

शेवटच्या रात्री साक्षसभा झाली. प्रत्येक जण उठून तेच सांगत होता, प्रभूने माझ्या अंतःकरणात या लोकांविषयी प्रेम घातलं. माझी पाळी आली. मीही तेच म्हटलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. पण ते पाणी 'प्रेमाचं' नव्हतं, घरी जायला मिळणार या सुटकेचं होतं.

मला किळस वाटली, भीती वाटली, दया वाटली, स्वतःची लाज वाटली. प्रेम तेवढं वाटलं नाही. पुढची ट्रिप मे महिन्यात आहे, नाव द्यायचं की नाही ते कळत नाहीये. असं प्रेम शिकता येतं का? की ते काहींनाच असतं, गाता गळा असतो तसं?


भडंग_कांदा

मिरजेला आठ दिवस राहिलात आणि पूर्ण पोस्टमध्ये भडंगाचा उल्लेख नाही. प्रेमाचा प्रश्न इथेच सुरू होतो. (हलके घ्या.)

उपासाचं उत्तर मात्र आजींनी षटकार मारल्यासारखं दिलंय.


रोखठोक

प्रामाणिकपणा आवडला, म्हणून प्रामाणिकपणेच लिहितो. याला मी दारिद्र्याची सहल म्हणतो. आठ दिवसांतला एक यायचा, एक जायचा, एक कार्यक्रमाचा. उरल्या पाच दिवसांत प्रेम कुठून उगवणार? हरभरासुद्धा उगवायला तितके दिवस घेतो. अकरा जणांच्या गाडीभाड्याचे, जेवणाचे आणि त्या बॅनरचे पैसे सरळ वसाहतीला पाठवले असते तर काय बिघडलं असतं?

आणि एक स्पष्टच विचारतो. गाणी, नाटुकलं, साक्ष, हे सगळं कशासाठी? ज्याला बोटं नाहीत त्याला आधी गोष्ट ऐकावी लागते आणि मग पेला मिळतो, हा व्यवहार झाला. प्रेम म्हणू नका.


चिंचेचं_बोटूक

आला का हा मुद्दा! मी पॉपकॉर्न घेऊन बसते.


संपादक मंडळ

धर्मांतर या विषयावर चालू असलेले दोन धागे आहेत, तिसरा इथे नको. धागाकर्तीच्या प्रश्नाला धरून लिहावे. चार प्रतिसाद उडवले आहेत.


ओपीडी_खोली_नऊ (५ फेब्रुवारी, दुपारी २.१५)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मिरज भागात अकरा वर्षं. प्रेमाबद्दल मला फारसं कळत नाही, हाताबद्दल कळतं. तेवढंच लिहिते.

या रोगात बोटं 'झडून' पडत नाहीत. जंतू हातापायाच्या नसांवर बसतो (हॅन्सनने तो १८७३ साली शोधला). नस गेली की आधी संवेदना जाते, मग स्नायू दुबळे होतात आणि बोटं आखडतात. पुढचं नुकसान जंतू करत नाही, रोजचं जगणं करतं. पायात खिळा घुसला तरी कळत नाही, माणूस त्यावर दिवसभर चालतो. चुलीवरचं भांडं उघड्या हाताने उतरवलं जातं, कातडी भाजते, जखम चिघळते, हाड झिजत जातं. झोपेत उंदराने पाय कुरतडलेले पेशंट मी पाहिलेत. सकाळी रक्त दिसल्यावर त्यांना कळलं. दुखणं नसणं ही केवढी शिक्षा आहे ते तिथे समजतं.

लागण होण्याबद्दल. बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, १९८१ पासून आहे. सौम्य प्रकाराला सहा महिने, तीव्र प्रकाराला बारा, गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट. उपचार सुरू झाले की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून लागण व्हायची भीती संपते. शिवाय शंभरातल्या पंच्याण्णवांच्या आसपास माणसांमध्ये या जंतूविरुद्ध जन्मतःच प्रतिकारशक्ती असते. वसाहतीतले बहुतेक वृद्ध केव्हाच बरे झालेले असतात. तुम्ही हात धरला नाहीत तो आजारी माणसाचा नव्हता, बऱ्या झालेल्या माणसाचा होता. आपण ज्याला रोग म्हणून घाबरतो तो त्याचा व्रण असतो.

आता पेले. ताई, राग मानू नका, पण स्टीलचा पेला? त्यात गरम चहा ओतला की पेला तापतो. तुम्ही-मी चटका बसला की हात काढून घेतो. त्यांना चटका कळतच नाही, ते पिऊन होईपर्यंत पेला दोन्ही तळव्यांत धरून बसतात. संध्याकाळी फोड येतात. आम्ही वर्षानुवर्षं कंठशोष करतो की कानाचा जाड कप वापरा, भांड्याला सांडशी वापरा, हँडलला कापड गुंडाळा. तुमच्या पोस्टमधल्या आजी 'कप' प्यायल्या ना? त्यांना कुणीतरी नीट शिकवलेलं दिसतंय.

ज्यांनी पेले घेतले त्यांचं मन वाईट नव्हतं. कुणालातरी विचारायचं राहिलं, एवढंच.


खिडकीजवळची_सीट

@ओपीडी_खोली_नऊ, साठ पेले मीच निवडले होते. तुळशीबागेत दीड तास घासाघीस करून. प्रत्येकावर मंडळीचं नाव कोरून घेतलंय.

मला थोडा वेळ द्या, मग लिहिते.


कृष्णाकाठची_सिस्टर (५ फेब्रुवारी, रात्री ९.३०)

बाळ, जय ख्रिस्त. मी वाईची. छत्तीस वर्षं नर्सिंग केलं, आता गुडघे नर्सिंग मागतात.

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आम्हाला कुष्ठरोग विभागात पाळी लागायची. डॉ. वॉनलेसांनी ते हॉस्पिटल १८९४ साली उघडलं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावलेलं. वॉनलेसवाडी त्यांच्याच नावाची, तिथे क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम. थोडक्यात, ज्याला गावानं वेशीबाहेर काढलं तो या टापूत पोचायचा. पहिल्या पाळीला मी ड्रेसिंग काढलं आणि बाहेर जाऊन ओकले. मेट्रनबाई मागे आल्या. मला वाटलं आता उपदेश. त्या म्हणाल्या, "ओकून झालं असेल तर ये, अजून सात ड्रेसिंगं राहिलीत."

सात झाली. दुसऱ्या दिवशी नऊ. कधीतरी ओकारी थांबली, तारीख आठवत नाही. प्रेम कधी सुरू झालं तेही आठवत नाही. पण एक खूण सांगते. आमच्याकडे एक म्हातारा होता, भारी खडूस. पाणी-तेल-घासणं करायचा नाही (पाय पाण्यात भिजवायचे, जाड कातडी दगडानं हलकी घासायची, मग तेल, हे रोज करायचं असतं). बांधलेली पट्टी सोडून तिचा कंदिलाला बोळा करायचा. पहिले सहा महिने मी त्याला "बाबा, असं नाही करू" म्हणायची, गोड आवाजात. एके दिवशी एवढी संतापले की सगळ्या वॉर्डात आवाज गेला. त्यानं बघितलं माझ्याकडं आणि म्हणाला, "आता माझी पोरगी बोलल्यागत बोललीस."

दया करताना आपल्याला राग येत नाही बघ. दयेत माणूस भिंतीवरच्या चित्रासारखा असतो, चित्रावर कोण रागावतं?

रोखठोक यांना. तुमचा व्यवहाराचा मुद्दा मी खोडत नाही. आमच्यात तसं घडलंय, घडतं. पण येशूने कुष्ठरोग्याला आधी शिवलं आणि मग बरं केलं, मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात आहे. शिवण्याआधी त्याच्याकडून काही वदवून घेतलं नाही. (त्या काळी 'कुष्ठ' शब्दात सगळे कातडीचे रोग धरत, हेही खरं. उगाच कुणी दुरुस्ती करू नका, मला माहीत आहे.)


रोखठोक

सिस्टर, दंडवत. शेवटच्या कंसासाठी विशेष.

मतावर ठाम आहे, पण तुमच्याशी वाद घालायला मी मोठा व्हायला हवा.


खुंटी_पिळणारा

अवांतर: मिरज म्हटलं की सगळे दवाखान्यावर येतात. अहो, तंबोरे, सतारी! आमच्या गल्लीत भोपळ्याला तारा चढवणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गाता गळा जन्मजात असतो असं धागाकर्तीने लिहिलंय, त्यावर हरकत. आमच्याकडे म्हणतात, भोपळा जन्मजात, सूर लावून घ्यावा लागतो.


भडंग_कांदा

मिरजेत ट्रेनी डॉक्टर आणि ट्रेनी गवई यांची संख्या सारखीच असते. दोघांनाही ऐकून पेशंटला कळा येतात.


डावी_भुवई (६ फेब्रुवारी, सकाळी ११)

मी ख्रिस्ती नाही, देवही मानत नाही. तरी हा धागा सकाळपासून डोक्यात आहे.

रोखठोक, दारिद्र्याची सहल फक्त ख्रिस्ती लोक काढत नाहीत हो. कॉलेजची शिबिरं, कंपन्यांचे सीएसआर (समाजसेवेचे) दिवस, वाढदिवसाला अनाथाश्रमात केक. समाजकार्य शिकताना मीही तशीच सांगलीच्या गोकुळनगरात गेले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ती धंदा करणाऱ्या बायकांची वस्ती. संग्राम संस्थेने १९९२ मध्ये इथे एचआयव्हीचं काम सुरू केलं आणि १९९६ मध्ये बायकांचीच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. निरोध वाटायला बाहेरचे कार्यकर्ते नव्हते, वस्तीतल्या बायकाच एकमेकींना वाटायच्या, कारण गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं ते त्यांनाच ठाऊक. २००५ च्या सुमारास अमेरिकी सरकारी मदतीला अट आली, की वेश्याव्यवसायाच्या विरोधात आहोत असं लिहून द्या. संग्रामने ते पैसे नाकारले. आम्हाला वाचवायला येणाऱ्यांपासून वाचवा, अशा अर्थाची त्यांची घोषणा आहे.

हे वाचून गेले होते, तरी पहिल्या आठवड्यात एका मावशींना विचारलंच, "तुम्हाला यातून बाहेर पडायचंय का?" आवाजात जेवढी माया घालता येते तेवढी घातली होती. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुला तुझ्या घरातनं बाहेर पडायचंय का?"

खरंतर पडायचं होतं. तेव्हा घरी माझ्या लग्नावरून रणकंदन चाललं होतं. मी गप्प झाले. त्यांनी तांदळाचं सूप माझ्याकडे सरकवलं आणि आम्ही खडे काढत बसलो. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. पोराच्या शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव काय लिहायचं? मला वाटलेलं त्यांचं दुःख आणि त्यांना असलेलं दुःख यात एवढं अंतर होतं. जबरदस्तीने आणलेली, लहान वयाची मुलगी असेल तर तिला सोडवलंच पाहिजे, त्यावर वस्तीतसुद्धा दुमत नव्हतं. पण सगळ्यांना एकाच टोपलीत घालून 'पीडिता' म्हटलं की ऐकायचं बंद होतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पोलिसांना या बायकांशी सन्मानाने वागा असं बजावलं. त्याच्या कितीतरी आधी मावशींनी मला बजावलं होतं.

तेव्हा खिडकीजवळची, प्रेम शिकता येतं का ते मला माहीत नाही, पण प्रश्न विचारायला शिकता येतं.


कृष्णाकाठची_सिस्टर

डावी भुवई, देव मानत नाहीस म्हणतेस आणि बायबलातलंच सांगतेस. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा ओरडत होता. आंधळ्याला काय हवं असणार, हे गाढवालाही कळेल. तरी येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करू? मी रविवारशाळेत ही गोष्ट तीस वर्षं शिकवली आणि तो प्रश्न नुसता वाचून पुढे जात राहिले.


माळावरचा (६ फेब्रुवारी, रात्री ११.४०)

इतके प्रतिसाद झाले. 'त्या लोकां'विषयी सगळे बोलले, 'त्या लोकां'पैकी कुणी बोललं नाही. म्हणून लिहितो. मी फासेपारधी. सातारा जिल्हा, माणच्या बाजूचा. सध्या पोट भरायला पुण्यात.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आमच्यासारख्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ ला कागदावरून नाव निघालं, ठाण्यातल्या डोक्यातून नाही निघालं. मधल्या काळात सेटलमेंट होत्या, काटेरी तारेच्या आत राहायचं, हजेरी द्यायची. देशात त्यातल्या कित्येक मुक्तिफौजेकडे (साल्व्हेशन आर्मी, ख्रिस्ती संस्था) चालवायला होत्या. तिथंही गाणी असायची, प्रार्थना असायची. प्रेमानंच चालवत असतील. तार मात्र होतीच. हे ख्रिस्ती मंडळींनी एकदा नीट वाचावं, एवढंच सांगणं.

आता उलट बाजू. मी दहावी झालो तेव्हा जातीचा दाखला अडला. आमची जमात अनुसूचित जमातीत, म्हणजे १९५० सालचा रहिवासाचा पुरावा मागतात. पन्नास साली माझा आजा पालात. आज या माळावर, चार दिसानं त्या. पालाला कुठला सातबारा? साहेब म्हणायचा, पुरावा आण. बाप म्हणायचा, मीच पुरावा की, बघा माझ्याकडं.

तेव्हा साताऱ्याचा एक दादा पालावर यायचा, मिशनच्या कामातला. गाता येत नव्हतं त्याला, प्रार्थना पण लांबड लावायचा. त्यानं बाप्तिस्म्याचा विषय काढला नाही असं म्हणणार नाही. दोनदा काढला. बाप दोन्ही येळेला नाही म्हणाला, आमची देवी हाय म्हणाला. मला वाटलं, संपलं, आता काही येत नाही हा. तिसऱ्या खेपेला आला, मोटारसायकलवर बापाला माझ्यासकट बसवलं आणि तहसीलला नेलं. असं अकरा वेळा. एकदा पाऊस, एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का संपला (शिक्का संपतो कसा, हे अजून कळलं नाही). शेवटी पुरावा कुठं सापडला? जुन्या पोलिस दप्तरात. आज्याचं नाव, गाव, जात, सगळं ठळक. गुन्हेगार म्हणून लिहून ठेवलेलं. दादा तो कागद बघून रस्त्यावरच हसायला लागला, मग बाप हसायला लागला, मग मी.

तुमच्या आठ दिवसांच्या ट्रिपा पालावर बी यायच्या. फराळ, चादरी, फोटो. आम्ही बाळगोपाळ ओळीनं उभं राहायचो, सवय होती. त्यातल्या एकाचं तोंड आठवत नाही. दादाचा गाडी नंबर आजही पाठ आहे.


चिंचेचं_बोटूक

पॉपकॉर्न बाजूला ठेवले.


रोखठोक

@माळावरचा, आमच्या गावात तुमच्या पालांकडे चोरी झाली की सगळे आधी बघायचे. मीही बघितलंय. एवढंच लिहितो.


हळद_पेठ

सांगलीचा व्यापारी, विश्वास ठेवा, आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. ऑगस्ट २०१९ चा महापूर. कृष्णा आयर्विन पुलाशी सत्तावन्न फुटांवर गेली, पंचेचाळीसला धोक्याची पातळी. गोदाम, दुकान, घराचा पहिला मजला पाण्यात. बोटीने काढलं, एका शाळेत नेलं. तिसऱ्या दिवशी कुठलीशी टीम आली. पोरं चांगली होती. पुलावाचं पाकीट हातात दिलं आणि म्हणाली, "काका, जरा इकडे बघा."

मी बघितलं. फोटो निघाला. माझ्या मेहुण्याला तो व्हॉट्सॲपवर मुंबईहून आला, 'सांगलीकरांना मदतीचा हात'. पुलाव चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण अजूनही कुणी "इकडे बघा" म्हटलं की पोटात कसंतरी होतं. मी दरवर्षी अनाथाश्रमात वह्या वाटतो. फोटो काढून घ्यायचो, पेपरला द्यायचो. त्यानंतर नाही.

आणि जुने कपडे! ट्रकच्या ट्रक. कुणी शेरवानी पाठवली होती.


भडंग_कांदा

शेरवानी मी पाहिली होती. एक मामा ती घालून गाळ उपसत होते.


कंदी_पेढा

साताऱ्याचा उल्लेख आला म्हणून. रेव्ह. ना. वा. टिळक आयुष्याच्या शेवटी साताऱ्यात होते. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. मिशनच्या पगाराची नोकरीही सोडली. दोन वर्षांत गेले, काम वाढलं नाही. पण रोखठोक यांनी विचारलेला प्रश्न, की आधी गोष्ट ऐक मग पेला घे, हा एका ख्रिस्ती मराठी माणसाला शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यातच टोचत होता असं दिसतं.

अवांतर: कंदी पेढ्यावर वेगळा धागा काढावा का?


संपादक मंडळ

आधीच चार आहेत.


ओपीडी_खोली_नऊ

धागा वर आलाय तर एक भर. आजारापेक्षा कायदा उशिरा बरा होतो. १८९८ चा लेपर्स ॲक्ट २०१६ ला रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं ते २०१९ ला. माझ्या पेशंटपैकी दोघींना नवऱ्यांनी सोडलं ते कायदेशीरच होतं. वसाहतीत गेलात तर "तुमचं गाव कुठलं" हा प्रश्न जपून विचारा. काहींच्या गावाने त्यांचं तेरावं उरकलेलं असतं.


खिडकीजवळची_सीट (२३ मार्च, रात्री ८.०५)

दीड महिन्याने लिहितेय, माफ करा. तेव्हा उत्तर द्यायला काही नव्हतं.

परवा शनिवारी एकटीच गेले. रेल्वेने, खिडकीजवळची सीट, अर्थात. जायच्या आधी ओपीडीताईंना व्यक्तिगत निरोप करून मापं विचारली आणि कानाचे जाड प्लॅस्टिकचे मग घेतले, दुहेरी भिंतीचे. साठ नाही, बाराच, परवडले तेवढे. बॅनर नाही, गिटार नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "साक्षसभेचं खोटं मलाही कळलं होतं, पण त्या रात्री खरं बोललेला मला एकही आठवत नाही, तू तरी जा."

आजींनी ओळखलं. "उपासवाली आली गं," असं शेजारणीला ओरडून सांगितलं. वसाहतभर माझं नाव तेच पडलंय.

त्यानंतर मी मग काढले. आजींनी एकेक उलटापालटा करून बघितला. कान त्यांच्या तळव्यात बसला, म्हणजे माप बरोबर होतं. मग म्हणाल्या, "हिरवा नको. निळा नाही?" म्हटलं, आजी, बाराही हिरवेच आहेत. "मग निळा आणायचास." म्हटलं, दुकानात निळे नव्हते. "दुसऱ्या दुकानात जायचंस." आणि शेजारणीला, "हिला पेल्यांच्या वेळी पण असंच झालं होतं. विचारायचं म्हणून नाही." (पेल्यांत आता तुळशीची रोपं आहेत. मंडळीचं नाव दिसतं असं ठेवलंय, एवढी माया.)

सिस्टर, मला एवढा संताप आला! मी पहाटे उठून, पदरचे पैसे घालून, उभ्या गर्दीतून ते पोतं सांभाळत आणलेलं. म्हणाले, "आजी, हिरवाच घ्यायचा, नाहीतर ठेवा परत पिशवीत." आवाज चढला होता. आठ दिवसांच्या ट्रिपमध्ये मला तिथे कुणाचाच राग आला नव्हता, हे तेव्हा डोक्यात आलं. साठ माणसं, आठ दिवस, एकदाही नाही.

आजींनी मग ठेवून घेतला. हात पुढे केला पिशवी मागायला, मी दिली. तेव्हा हात हाताला लागला की नाही, खरंच लक्षात नाही. बसमध्ये बसल्यावर आठवायचा प्रयत्न केला, नाही आठवलं.

माळावरचा, मला तहसीलचं काही कळत नाही. पण वसाहतीत दोघांची निराधार पेन्शन अडकलीय, हयातीच्या दाखल्यावर बोटाचा ठसा लागतो म्हणून. बोटं नाहीत त्यांनी ठसा कुठून द्यायचा? यावर काय मार्ग असतो, कुणाला माहीत असेल तर सांगा. मेच्या ट्रिपला नाव दिलेलं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे, ते या कामाला.

हां, चहा. दूध संपलं होतं. आजींनी मला दुकानात पिटाळलं. मी गायीचं आणलं. पिशवी बघून कपाळावर हात मारला त्यांनी. परत गेले.


माळावरचा

ठशाऐवजी डोळ्याची बाहुली चालते बऱ्याच ठिकाणी. मशीन नाही म्हणतील, तरी मागायची. मी शनिवारी सुट्टीवर आहे. गाडी आहे माझ्याकडं. मिरज स्टेशनला कितीला येताय?


ओपीडी_खोली_नऊ

डोळ्याचं बघताना आधी आम्हाला दाखवा. काहींच्या पापण्या मिटत नाहीत, बुबुळावर फूल पडलेलं असतं, मशीन वाचत नाही. मी पण येते. निळे मग सांगलीत मिळतात.


भडंग_कांदा

मिरजेत गायीच्या दुधाचा चहा? आजींचं शंभर टक्के बरोबर आहे.